किल्ल्या कोणाच्या कमरेला?

गेल्या दहा-बारा वर्षांत किल्ल्या सांभाळण्याचं एक नवं साधन बाजारात आलं आहे. बोटभर लांबीच्या दोन पट्ट्या, दोन टोकांना दोन स्क्रू आणि त्या पट्ट्यांच्या मध्ये दुमडून बसवलेल्या घराच्या, कपाटाच्या, कचेरीच्या किल्ल्या. हवी ती किल्ली अंगठ्याने बाहेर सरकवायची, काम झालं की पुन्हा आत. हौस असेल तर शेजारी एखादी चिमुकली विजेरी, बाटलीचं झाकण उघडायची पट्टी, पेन ड्राइव्हसुद्धा बसवता येतो. खिशात खुळखुळाट नाही, अस्तराला भोक नाही, मोबाइलच्या काचेवर ओरखडे नाहीत.

दुकानदार हे साधन नव्या युगाची वस्तू म्हणून विकतो. त्यात थोडं तथ्य आहे. पण दिवसभर हाताशी लागणाऱ्या चार वस्तू अंगावरच, पण अडचण न होता कशा बाळगायच्या, हा प्रश्न मात्र कुलपाइतकाच जुना आहे. त्याचा इतिहास चाळताना मला जाणवत गेलं, की हा नुसता सोयीचा इतिहास नाही. किल्ली कोण बाळगतं, कुठे बाळगतं आणि ती त्याला कोणी दिली, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत त्या त्या काळाचं घर आपल्याला दिसतं. आज त्याविषयीच थोडं बोलायचं आहे.

सुरुवात शब्दांपासून करू. आपण मराठीत 'किल्ली' म्हणतो आणि 'चावी'ही म्हणतो. 'चावी' हा शब्द पोर्तुगीजांच्या 'शाव्ह' वरून आपल्याकडे आला. 'कुलूप' मूळचं अरबी, 'कुफ्ल'. 'किल्ली'चं नातं मात्र संस्कृतातल्या 'कील' म्हणजे खुंटी या शब्दाशी जोडलं जातं. हे नातं मोठं अर्थपूर्ण आहे. कारण जगातली जुनी कुलपं म्हणजे खुंट्यांचाच खेळ होता. दाराला आडवा लाकडी अडसर असे. त्याच्या भोकांत वरून छोट्या खुंट्या पडून तो अडकत असे. किल्ली म्हणजे खुंट्या ठोकलेला लाकडाचा दांडका. तो आत सारून वर उचलला की अडसरातल्या खुंट्या वर जात आणि अडसर मोकळा होई. इजिप्तमध्ये अशी कुलपं होती. इराकमध्ये खोर्साबादच्या राजवाड्याच्या अवशेषांतही तसं कुलूप सापडलं आणि तो राजवाडा इसवी सनापूर्वी आठव्या शतकातला आहे.

असली किल्ली खिशात कशी मावणार? ती खांद्यावर टाकूनच न्यावी लागे. बायबलच्या जुन्या करारात, यशयाच्या ग्रंथात, राजघराण्याची किल्ली एका अधिकाऱ्याच्या खांद्यावर ठेवण्याचा उल्लेख आहे, तो अगदी शब्दशः घेता येतो. प्राचीन ग्रीसमध्ये देवळाची पुजारीण ओळखायची खूण म्हणजे तिच्या हातातली भली मोठी वाकडी किल्ली. स्मारकशिळांवरही ती कोरलेली दिसते. म्हणजे किल्ली ही पहिल्यापासूनच दोन कामं करत आली. एक, दार उघडण्याचं. दुसरं, दार उघडण्याचा अधिकार कोणाचा आहे हे चारचौघांना दाखवण्याचं.

रोमन लोकांनी धातूची कुलपं केली आणि किल्ली लहान झाली. पण त्यांच्या टोग्याला खिसा नव्हता. मग त्यांनी काय केलं? किल्ली अंगठीलाच जोडली. बोटात अंगठी आणि तिच्यावर पेटीची किल्ली. युरोपातल्या अनेक संग्रहालयांत अशा अंगठ्या पाहायला मिळतात. आजच्या त्या दुमडत्या पट्टीची ही पणजी म्हणायला हरकत नाही. आणि रोममध्येच या किल्लीचा दुसरा अर्थ कायद्यात शिरला. गृहिणीच्या हाती घराच्या किल्ल्या असत. घटस्फोट देताना नवरा त्या काढून घेई. सिसेरोने इसवी सनापूर्वी ४४ मध्ये मार्क अँटनीवर जे घणाघाती भाषण लिहिलं, त्यात अँटनीने आपल्या नटी मैत्रिणीला कसं घालवलं याची टिंगल आहे. रोमच्या जुन्या 'बारा फलकां'च्या कायद्याप्रमाणे याने तिच्याकडून किल्ल्या काढून घेतल्या आणि तिला बाहेर काढलं, असं तो म्हणतो. किल्ल्या घेतल्या म्हणजे नातं संपलं.

खिसा ही गोष्ट आपण इतकी गृहीत धरतो, की तो नसताना माणसं काय करत होती याची कल्पनाच येत नाही. युरोपात पुरुषांच्या कोटाला आणि विजारीला शिवलेले खिसे सतराव्या शतकात रूढ होत गेले. त्याआधी सगळं कमरेच्या पट्ट्याला लटकत असे. जपानच्या किमोनोलाही तसा उपयोगी खिसा नव्हता. तिथल्या लोकांनी त्यावर फार देखणा तोडगा काढला. एकावर एक बसणाऱ्या छोट्या डब्यांची चवड, तिचं नाव 'इन्रो'. तिच्यात औषधाच्या गोळ्या किंवा शिक्का ठेवायचा. चवडीतून ओवलेली दोरी कमरेच्या पट्ट्याखालून वर काढायची आणि ती निसटू नये म्हणून टोकाला एक कोरीव गुंडा, 'नेत्सुके'. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानी पुरुष पाश्चात्त्य कोट घालू लागले, कोटाला खिसे आले आणि इन्रोचं काम संपलं. कमरेचा तो गुंडा मात्र कलावस्तू होऊन जगभरच्या संग्रहालयांत जाऊन बसला.

आपल्याकडची चंची याच कुळातली. पुष्कळ कप्प्यांची कापडी पिशवी. एका कप्प्यात पानं, दुसऱ्यात सुपारी, तिसऱ्यात कात, चौथ्यात तंबाखू, चुन्याची डबी, अडकित्ता आणि जमलं तर चार नाणीसुद्धा. सगळी घडी गुंडाळून नाडीने बांधायची आणि कमरेला खोचायची. चंची सोडणं म्हणजे बांधावर बसून गप्पांना आमंत्रण देणं. मोठ्या रकमेसाठी कमरेचा कसा, सुट्या पैशांसाठी धोतराची कनवटी, बायकांसाठी बटवा आणि लुगड्याची कडोसरी. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले नाना घाटांचे अडकित्ते पाहिले, की रोजच्या वापरातल्या एवढ्याशा वस्तूवर आपल्या कारागिरांनी किती जीव लावला होता ते कळतं.

आणि मग किल्ल्या. त्यांच्यासाठी चांदीचा छल्ला. वर नक्षीचं फूल किंवा मोर, मागे कमरेला अडकवायचा आकडा आणि खाली किल्ल्या ओवायची कडी. गुजरातेत हाच 'झूडो', आपल्याकडे त्याला लागलेल्या किल्ल्यांचा 'जुडगा'. बंगालमध्ये किल्ल्या पदराच्या टोकाला बांधून पदर पाठीवर टाकायची रीत होती. आज लग्नसमारंभात नऊवारीवर मिरवण्यासाठी असे छल्ले पुन्हा निघाले आहेत. त्यांना किल्ली मात्र एकही नसते.

इंग्लंड-फ्रान्समध्ये या छल्ल्याचं भावंड होतं. त्याला एकोणिसाव्या शतकात 'शातलेन' असं नाव पडलं. फ्रेंचमध्ये शातलेन म्हणजे गढीची मालकीण. कमरेच्या आकड्याला पाच-सहा साखळ्या आणि प्रत्येकीच्या टोकाला एक वस्तू: किल्ल्या, कात्री, सुईदाणी, अंगुस्तान, घड्याळ, टिपणवही. परिचारिकांसाठी तर त्यांच्या उपकरणांची वेगळी शातलेन मिळत असे. पुढे हातातली पर्स आणि मनगटी घड्याळ आलं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती मागे पडली. पण नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे. किल्ल्या जिच्या कमरेला, ती मालकीण, असं ते नाव सांगतं. ते खरं होतं का? या प्रश्नाकडे मी थोड्या वेळाने येणार आहे.

आधी कुलपाचं काय झालं ते पाहू. कारण कुलूप बदललं तशी किल्ली बदलली आणि किल्ली बदलली तशी ती बाळगायची रीत बदलली. १७७८ मध्ये इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॅरनने सुधारित कुलपाचं पेटंट घेतलं. १७८४ मध्ये जोसेफ ब्रामाने त्याहून अवघड कुलूप केलं. लंडनच्या पिकॅडिलीतल्या त्याच्या दुकानाच्या खिडकीत ते कुलूप टांगलेलं होतं आणि ते किल्लीशिवाय उघडून दाखवणाऱ्याला २०० गिनी मिळतील, असं जाहीर केलेलं होतं. १८१८ मध्ये जेरेमाया चबने असं कुलूप केलं, की कुणी खोटी किल्ली चालवू पाहिली तर ते अडकून बसे आणि मालकाला सुगावा लागे. पुढे १८५१ साली लंडनच्या भव्य प्रदर्शनासाठी आल्फ्रेड हॉब्ज नावाचा अमेरिकन कुलूपवाला आला. त्याने आधी चबचं कुलूप उघडलं आणि मग सोळा दिवसांत मिळून पन्नासहून अधिक तास खपून ब्रामाचंही उघडलं. लंडनमध्ये केवढी खळबळ उडाली असेल! आपल्या तिजोऱ्या सुरक्षित आहेत, या समजुतीलाच तडा गेला.

आपल्या खिशाच्या दृष्टीने मोठी घटना मात्र अमेरिकेत घडली. लायनस येल या धाकट्या येलने १८६१ आणि १८६५ मध्ये पेटंटं घेतलेलं कुलूप म्हणजे इजिप्तच्या त्या खुंट्यांच्या कुलपाचाच पुनर्जन्म होता. खुंट्या आता पितळी आणि बारीक झाल्या, त्यांच्यावर स्प्रिंगा आल्या. आणि किल्ली? तिचा दांडा गेला. उरली एक चपटी, दातेरी पट्टी. दार कितीही जाड असो, किल्ली तेवढीच. बंडीच्या खिशात सहज मावेल अशी. आज आपल्या फ्लॅटच्या दाराला जे लॅच असतं, त्याची किल्ली याच घराण्यातली. किल्ली चपटी झाली नसती, तर दोन पट्ट्यांमध्ये ती दुमडून ठेवायची कल्पना कुणाला सुचलीच नसती.

त्या कल्पनेचा दुसरा धागा स्वित्झर्लंडमधून येतो. तिथल्या सैनिकांना नवी रायफल मिळाली होती. ती खोलायला स्क्रूड्रायव्हर हवा, डब्यातलं अन्न खायला डबा उघडायची पट्टी हवी, शिवाय पातं आणि टोचा. या चारही वस्तू एका मुठीत बसवलेला चाकू सैन्याने ठरवला. कार्ल एल्सेनर या इबाख गावच्या कारागिराने १८९१ मध्ये तो सैन्याला पुरवायला सुरुवात केली. त्याआधी हे चाकू जर्मनीतून येत होते. १२ जून १८९७ रोजी त्याने अधिकाऱ्यांसाठीच्या हलक्या चाकूची नोंदणी केली. त्यात एकच स्प्रिंग दोन्ही बाजूंची पाती धरून ठेवत होती, म्हणून जाडी न वाढता वस्तू वाढल्या. एका कण्याभोवती फिरणारी आणि दोन आवरणांत दडणारी हत्यारं, हेच तत्त्व आजच्या किल्लीपट्टीत आहे. पात्याच्या जागी किल्ली आली, इतकंच. २००१ च्या ११ सप्टेंबरनंतर विमानात चाकू नेण्यावर बंदी आली आणि त्या प्रसिद्ध स्विस चाकूच्या विक्रीला मोठा फटका बसला.

योगायोग पाहा. त्याच १८९७ साली मुंबईत लालबागला अर्देशीर गोदरेज यांनी कुलपं करायला सुरुवात केली. अर्देशीर शिक्षणाने वकील, पण वकिली सोडून ते कारखानदारीकडे वळले होते आणि शस्त्रक्रियेची हत्यारं बनवण्याचा त्यांचा आधीचा प्रयत्न फसला होता. कुलपांनी मात्र हात दिला. मग तिजोऱ्या आल्या आणि १९२३ पासून पोलादी कपाटं. ते कपाट मराठी मध्यमवर्गाच्या घरात आलं, तेव्हा घराच्या रचनेत बदल झाला. कोठीची खोली, फडताळ, सामानाची पेटी, दागिन्यांचा डबा असे वेगवेगळे कुलूपबंद कोपरे होते. ते सगळे एका कपाटात आले आणि त्यातल्या आतल्या कप्प्याची किल्ली ही घरातली सर्वांत महत्त्वाची किल्ली झाली.

किल्ली आणि विश्वास यांचा हिशेब राज्यकारभारातही होता. शिवकालात गडाचे दरवाजे संध्याकाळी लावणं आणि सकाळी उघडणं हे हवालदाराचं काम. किल्ल्या त्याच्या ताब्यात. पण गडाचा कारभार त्याच्या एकट्याच्या हाती दिलेला नव्हता. सबनीस आणि कारखानीस हे आणखी दोन अधिकारी बरोबरीने असत. एकट्याच्या मनात आलं म्हणून गड शत्रूच्या हवाली होऊ नये, ही त्यामागची दृष्टी. किल्ली एकाच्या हाती असली, तरी सत्ता एकाची नसावी, हा विचार त्या व्यवस्थेत होता.

घरात नेमकं उलटं होतं. तिथे किल्ल्या बाईच्या कमरेला होत्या आणि सत्ता दुसऱ्याच्या हाती.

माझ्या आजीच्या कमरेला असा जुडगा होता. ती घरात कुठे आहे, हे त्या आवाजावरून कळायचं. तांदूळ तिच्या हाताने निघायचे, तूप तिच्या हाताने निघायचं, गड्याची मजुरी तिच्या कप्प्यातून जायची. नवी सून आली तरी कित्येक वर्षं जुडगा हलला नाही. घरातल्या सगळ्यांनाच वाटायचं, की खरी मालकी हिचीच. आजोबा गेले. घराचे आणि जमिनीचे कागद बाहेर आले. त्या कागदांवर तिचं नाव कुठेही नव्हतं. इतकी कुलपं तिने रोज उघडली आणि लावली, त्यांतलं एकही दार तिचं नव्हतं. जुडगा तिने पुढच्याच महिन्यात सुनेकडे दिला. कुणी मागितला नव्हता.

ही एकट्या आजीची गोष्ट नाही. इंग्लंडमध्ये शातलेन मिरवणाऱ्या विवाहितेला १८७० आणि १८८२ चे कायदे होईपर्यंत स्वतःची अशी मालमत्ता फारशी ठेवताच येत नव्हती. हेन्रिक इब्सेनने १८७९ मध्ये 'अ डॉल्स हाउस' हे नाटक लिहिलं. त्यात घरच्या टपालपेटीची किल्ली फक्त नवऱ्याकडे असते आणि सगळं नाट्य त्या बंद पेटीभोवती फिरतं. शेवटी नोरा घर सोडते तेव्हा अंगठी परत करते आणि किल्ल्याही ठेवून जाते. रोममध्ये नवरा किल्ल्या काढून घेत होता, इथे ती स्वतः ठेवते. फरक एवढाच, पण तो फार मोठा आहे. हेच नाटक अनंत काणेकरांनी 'घरकुल' या नावाने मराठीत आणलं.

आपल्याकडे १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत वाटा मिळाला, पण तो तिच्या हयातीपुरता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने तिच्या वाट्याची मिळकत पूर्णपणे तिची झाली. वडिलोपार्जित एकत्रित मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली, देशभर ती २००५ मध्ये झाली आणि वडील तेव्हा हयात असोत वा नसोत, हक्क आहेच, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. कायद्याच्या बाहेरही एक मोठा प्रयत्न याच महाराष्ट्रात झाला. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या आसपास 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम चालवली. ज्या गावात शंभरावर शेतकरी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करून देतील, ते गाव लक्ष्मीमुक्त. गावोगावच्या शेतकऱ्यांनी ते केलं. त्या बायकांच्या कमरेला कदाचित छल्ला नसेल, पण सातबाऱ्यावर नाव आलं.

दुसरा बदल आवाज न करता झाला. बाई नोकरीला जाऊ लागली. दारावर लॅच आलं आणि एकाच किल्लीच्या तीन-चार किल्ल्या करून घ्याव्या लागल्या. नवऱ्याची एक, बायकोची एक, मुलांची एक. घरात सतत कुणीतरी असणार आणि तेच दार उघडणार, ही समजूत मोडली. गळ्यात किल्ली अडकवून शाळेतून परत येणाऱ्या मुलासाठी इंग्रजीत वेगळा शब्दच आहे, तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रूढ झाला. आपल्या शहरांतही ती मुलं वाढली. त्यांनी एकटेपण सोसलं, हे खरं. पण घरातल्या प्रत्येकाच्या खिशात स्वतःची किल्ली असण्याची ही पहिलीच वेळ होती, हेही तितकंच खरं.

म्हणून ती दुमडती किल्लीपट्टी मला नुसती गमतीची वस्तू वाटत नाही. ती एका माणसाच्या खिशासाठी आहे. सगळ्या घराच्या किल्ल्या एकाच कमरेला, हा काळ मागे पडल्याची ती खूण आहे. आता तर किल्लीच जायला निघाली आहे. अनेक ठिकाणी हॉटेलात कार्ड आलं, दाराला आकड्यांचं कुलूप आलं, मोबाइलवरून दार उघडू लागलं. पण अशा कुलपातही एक मुख्य खातं असतं. बाकीच्यांना दार उघडू द्यायचं की नाही, कितीपर्यंत द्यायचं, हे ते खातं ठरवतं. ते कोणाच्या फोनवर आहे, हा प्रश्न जुडग्याच्या काळातलाच आहे.

तेव्हा किल्ल्यांसाठी कोणतं साधन घ्यावं, हे ज्याने त्याने आपल्या खिशाप्रमाणे ठरवावं. मी फक्त एवढंच सुचवीन. आज घरी आपल्या किल्ल्या मोजून पाहा. त्यांतली प्रत्येक किल्ली जे दार उघडते, त्या दाराच्या कागदावर, म्हणजे सातबाऱ्यावर, सोसायटीच्या भागपत्रावर, बँकेच्या लॉकरच्या अर्जावर, कोणाकोणाची नावं आहेत तेही एकदा पाहा. आणि ज्यांच्या हाती किल्ली आहे पण कागदावर नाव नाही, त्यांच्याशी त्याविषयी बोला. ते आत्ताच, सगळे असताना बोललेलं बरं.